पान वाढलंय

वनस्पतिशास्त्राशी माझा आजवरचा संबंध वनस्पती तुपापुरता. मी कॉमर्सचा पदवीधर. आम्हां कॉमर्सवाल्यांना शाखा ठाऊक ती बँकेची, मूळ ठाऊक ते मूळ वेतन, आणि खोड ठाऊक ती साहेबांची. यापलीकडे झाडाचे अवयव आमच्या अभ्यासक्रमात नव्हते.

त्यात मी यावलचा. वर सातपुडा, खाली तापी आणि मध्ये केळीच केळी. आमच्याकडे झाड म्हणजे देणारं. केळीचं फळ खायचं, केळफुलाची भाजी करायची आणि तीही केळीच्याच पानावर वाढून घ्यायची. झाडाने निमूटपणे द्यावं आणि माणसाने ढेकर द्यावी, अशी ही सरळ विभागणी. झाड स्वतः काय खातं असा प्रश्न आमच्याकडे फक्त युरियाच्या रांगेत उभं राहिल्यावर पडतो.

खोटं कशाला सांगू, गेल्या पंधरा वर्षांत मी केळी विकत घेतल्याचं मला आठवत नाही. पीक कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला यावलमध्ये केळी विकत घ्यावी लागली, तर गावाचीच अब्रू जायची. कोणी ना कोणी टेबलाखाली पिशवी ठेवून जातं. आपण मागत नाही, पिशवी येते. वाचकहो, हे वाक्य जरा ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर सांगायची गोष्ट अशी की, मागे एका सप्टेंबरात आम्ही सहकुटुंब साताऱ्याला गेलो. आमचे साडू तिथे असतात. साडू म्हटला की तो आपल्या गावचं काहीतरी आपल्याला दाखवल्याशिवाय सोडत नाही. ते यावलला आले तेव्हा मी त्यांना निंबाळकरांचा किल्ला दाखवला होता, त्याचं उट्टं म्हणून त्यांनी आम्हाला कासच्या पठारावर नेलं. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर. २०१२ साली युनेस्कोने सह्याद्रीतल्या ज्या जागांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत हे पठार आहे. फुलं पाहायला आधी नाव नोंदवून पैसे भरावे लागतात. फुलांसाठी पैसे भरायचे म्हटल्यावर आमच्या हिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू गजऱ्यावर आयकर लावला आहे.

वर पोहोचलो आणि मात्र बोलती बंद झाली. जांभ्या दगडाचा सपाट माळ, त्यावर बोटभर माती आणि त्या बोटभर मातीवर निळ्या-जांभळ्या इवल्या फुलांचा गालिचा, नजर जाईल तिथवर. वाट दाखवायला वनसमितीचा एक पोरगा होता. तो म्हणाला, "ही सीतेची आसवं."

सीतामाईचं नाव ऐकताच आमच्या हिने हात जोडले.

"ही किडं खाती," पोरगा पुढे म्हणाला.

जोडलेले हात सावकाश सुटले. पोरग्याने मग सगळी हकिकत सांगितली. वर फूल दिसतं ते निव्वळ दर्शनी. खरा कारभार खाली, ओल्या मातीत. मोहरीहूनही लहान अशा फुग्या तिथे असतात. प्रत्येक फुगीला एक झडप आणि झडपेपाशी केस. फुगी आतलं पाणी आधीच बाहेर टाकून पोकळी करून बसलेली असते. एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की झडप उघडते, पाणी आत ओढलं जातं आणि त्याबरोबर पाहुणाही. या सगळ्याला सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. आमच्या बँकेत पैसे आत घेण्याचं काम मी इतक्या चपळाईने होताना पाहिलेलं नाही. देण्याचं तर सोडाच.

"आणि हे दवबिंदू," म्हणत पोरगा गुडघ्यांवर बसला. आम्हीही बसलो. जमिनीसरपट, रुपयाच्या नाण्याएवढं, लालसर पानांचं एक चक्र. पानापानावर केसाळ टाचण्या टोचल्यासारख्या, आणि प्रत्येक टाचणीच्या डोक्यावर एक चमकता थेंब. दव नव्हे, चीक. आमच्या डोळ्यांदेखत एक चिलटाएवढी माशी त्यावर उतरली आणि एका पायाने अडकली. सुटायला म्हणून दुसरा पाय टेकला, तोही अडकला.

आमची कन्या तेव्हा आठवीत. तिने विचारलं, "बाबा, सोडवू का?"

आता आली का पंचाईत! कोणताही प्रश्न आला की तो वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा, ही आमची बावीस वर्षांची सवय. मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, जीव आहे, सोडव. साडू म्हणाले, निसर्गात ढवळाढवळ करू नये. मेव्हणीबाई म्हणाल्या, माशी सोडवली तर ते बिचारं उपाशी राहील. मी म्हणालो, दोन्ही बाजूंचा विचार व्हायला हवा. तो विचार होईपर्यंत बाजूच्या टाचण्या आत वाकल्या, माशीभोवती मूठ आवळली गेली आणि माशी हलायची थांबली. समितीचा निर्णय येण्याआधी प्रकरण आपोआप निकाली निघालं. सरकारी खात्यांत होतं तसंच.

उतरताना गाडीत कन्येने दुसरा प्रश्न विचारला. "बाबा, ती माशी आपणहून आली, की त्याने तिला बोलावलं?"

मी खिडकीतून बाहेर पाहू लागलो. बाहेर पाहण्यासारखं खूप होतं हे खरं. पण त्या प्रश्नाने माझ्या पोटात काहीतरी ढवळलं, आणि ते घाटामुळे नव्हतं, हेही खरं.

यावलला परतल्यावर कन्येने शाळेच्या प्रकल्पासाठी कीटकभक्षी वनस्पती हाच विषय घेतला. आमच्याकडे मुलांचा प्रकल्प बाप करतात, त्यामुळे वयाच्या चाळिशीनंतर मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी झालो. आणि मंडळी, मी थक्क झालो. अशा वनस्पती जगात आठशेच्या घरात आहेत, आणि त्यांच्यामागे शहाणीसुरती माणसं आयुष्यभर लागलेली आहेत.

गंमत म्हणजे, झाड किडे खातं ही गोष्ट पहिल्यांदा कोणी मान्यच करेना. १७६९ साली लंडनच्या जॉन एलिस यांनी स्वीडनच्या लिनिअसला पत्र लिहून कळवलं की, अमेरिकेतून आलेलं हे व्हीनस फ्लायट्रॅप नावाचं झाड पानाच्या जबड्यात माशा पकडतं आणि बहुधा खातं. लिनिअस म्हणजे साऱ्या सृष्टीची खतावणी लिहिणारा मुख्य हिशेबनीस. तो म्हणाला, छे! हे आपल्या लाजाळूसारखं नुसतं मिटतं. किडा शांत झाला की पान त्याला सोडून देत असेल. देवाने प्राण्यांना झाडं खायला दिली, झाडांना प्राणी नव्हे. खातं एकदा उघडलं की त्याचा प्रकार बदलायचा नाही, हा नियम आमच्या बँकेआधी लिनिअसने काढला होता.

खरं तर त्याला शंका यायला हवी होती. तरुणपणी तो लॅपलँडमध्ये हिंडला होता. तिथे बटरवर्ट नावाची एक वनस्पती आहे. पानं लोणी चोपडल्यासारखी तुकतुकीत, म्हणून हे नाव. आपल्या हिमालयातही तिची एक जात सापडते. तिथले लोक या पानांवर दूध ओतून त्याला विरजण लावतात, हे लिनिअसने १७३७च्या पुस्तकात स्वतः नोंदवलं. त्याच पानांवर माशा चिकटून विरतात, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. दह्यावर नजर असली की माशी दिसत नाही, हा अनुभव खाणावळीत जेवलेल्या कोणालाही असेल.

पुढे चार्ल्स डार्विनने हे प्रकरण हाती घेतलं. १८६०च्या उन्हाळ्यात त्याने ससेक्सच्या माळावर दवबिंदूचं विलायती भावंड पाहिलं आणि तो वेडा झाला. पंधरा वर्षं प्रयोग करून १८७५ साली त्याने या विषयावर पुस्तक काढलं. बटरवर्टची एकोणचाळीस पानं त्याच्या एका मित्राने वेल्समधून पाठवली. डार्विनने ती मोजली. बत्तीस पानांवर एकशे बेचाळीस किडे, सरासरी ४.४. मी कॅलक्युलेटरवर ताडून पाहिलं. बरोबर आहे. एवढा मोठा माणूस चिकटलेली चिलटं मोजत बसला, हे वाचून मला पहिल्यांदाच शास्त्रज्ञांबद्दल जवळीक वाटली. शिवाय त्या पानांवर त्याला फुलांचे परागकण आणि बियाही सापडल्या, आणि झाड त्यांतूनही सत्त्व ओढतं, असं दिसलं. म्हणजे बटरवर्ट मिश्राहारी. सोमवारी अंडं आणि गुरुवारी खिचडी.

दवबिंदूच्या पानांवर तर त्याने काय काय ठेवलं! दूध, मांसाचा रस, अंड्याचा पांढरा बलक. पान लगेच वाकलं. मग साखर, तेल, दारूचं पाणी आणि चहा ठेवला. पान ढिम्म. ज्यात नायट्रोजन आहे त्यालाच ते ओळखतं. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. चहाने आणि दारूने न वाकणारा असा कोणी या पृथ्वीतलावर आहे, हे मला नवीन होतं.

त्याचा मुलगा फ्रान्सिस बापाच्या पुढे गेला. झाडाला या खाण्याचा फायदा खरंच होतो का, हे पाहायला त्याने काही रोपांना भाजलेल्या मांसाचे बारीक कण भरवले आणि काहींना उपास घडवला. भरवलेल्या रोपांना फुलं जास्त, बिया तर कितीतरी जास्त. १८७८ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे हौस नव्हती, पोटाचा प्रश्न होता.

आणि अगदी अलीकडे, २०१६ साली, जर्मनीतल्या वुर्ट्झबर्गच्या संशोधकांनी दाखवलं की व्हीनस फ्लायट्रॅपला मोजता येतं. जबड्यातल्या केसाला एक धक्का लागला, तर ते गप्प. वाऱ्याने पडलेली काडीही असू शकते. वीस-तीस सेकंदांत दुसरा धक्का लागला, तर जबडा बंद. पाचेक धक्के झाले, की मग पाचक रस सोडायला सुरुवात. उगाच खर्च नाही. दोनदा मोजल्याशिवाय हात मिटायचा नाही, हे आमच्या कॅशियरचं ब्रीद. फरक एवढाच की आमच्या कॅशियरच्या मदतीला नोटा मोजायचं यंत्र असतं.

हा प्रकल्प घरी मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा खरी चर्चा पेटली. आमची आई माळकरी. चातुर्मासात आमच्या घरात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. बामणोदच्या वांग्यांचं भरीत चंपाषष्ठीपर्यंत आमची वाट पाहत थांबतं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या झाडाचा पाला कोणी खाल्ला, तर तो शाकाहारी की मांसाहारी?"

या प्रश्नाला आमचे लेखापरीक्षकही शरण गेले असते. मी म्हणालो, ही आकस्मिक देयता झाली, ताळेबंदाच्या खाली टीप द्यायची. ही म्हणाली, "तसं पाहिलं तर आपण केळीला शेणखत घालतो, हाडांचा चुरा घालतो. मग केळं उपासाला कसं चालतं?"

आईने एका वाक्यात धर्मनिर्णय दिला. "मुळानं खाल्लेलं चालतं, पानानं खाल्लेलं चालत नाही."

हसू नका. मला तर यात जगाचा सगळा व्यवहार दिसला. जमिनीखाली, कोणाला न दिसता, कुजवून आणि मुरवून घेतलेलं सगळ्यांना चालतं. उघड्यावर, दिवसाढवळ्या, पानावर घेतलेलं तेवढं पाप. दवबिंदूचा गुन्हा असलाच तर एवढा, की त्याने ते लपवलं नाही.

पण मग हिंसा म्हणायची की नाही? मी दवबिंदूचं वकीलपत्र घेतलं. एक, तो कोणाच्या मागे धावत नाही. दोन, तो कोणाकडे काही मागत नाही. तीन, जागच्या जागी बसून आपलं काम करतो. येणारा आपल्या पायांनी येतो आणि आपल्या पायांनीच अडकतो. शिवाय या झाडांना काही मर्यादा आहे. ज्या किड्यांनी फुलावर यायचं, पराग न्यायचे, त्यांनाच खाल्लं तर वंश बुडेल. म्हणून यांतली पुष्कळ झाडं फूल लांब देठावर उंच धरतात आणि सापळा खाली ठेवतात. २०१८ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी फ्लायट्रॅपच्या फुलावर येणारे किडे आणि जबड्यात सापडणारे किडे वेगवेगळे मोजले. फुलावर कामाला येणारे नेमके जबड्यात क्वचितच होते. आपल्या पोस्टमनला खायचं नाही, एवढं तारतम्य त्याला आहे.

माझा युक्तिवाद चांगला रंगला होता. कन्या म्हणाली, "पण बाबा, तो थेंब कशाला चमकवतो मग?"

वकील खाली बसला.

त्या रात्री मी प्रकल्पाचं शेवटचं प्रकरण वाचलं. ही झाडं असं का वागतात? उत्तर मातीत होतं. कासचा जांभा पाहिला होताच. धो धो पावसाने धुतलेली बोटभर माती, तिच्यात नायट्रोजन जवळजवळ नाहीच. दलदलीतही तेच. सूर्यप्रकाश भरपूर, पाणी भरपूर, पण अंग धरायला लागतं ते मिळेना. तेव्हा ज्याच्या मुळांना मिळालं नाही, त्याने पानं पसरली. आमच्या यावलच्या काळ्या मातीत, जिथे केळीला थाळी भरभरून खत मिळतं, तिथे हा उद्योग कोणाला परवडणार? चीक बनवायलाही खर्च येतो.

आणि इथे मला ते वाक्य भेटलं, ज्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे. २००२ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी दलदलीतल्या सुरईसारख्या पानांच्या झाडांना थोडा थोडा नायट्रोजन पाजून पाहिला. झाडांनी काय करावं? सुरया लहान केल्या आणि पानं साधी, चपटी काढायला सुरुवात केली. दवबिंदूच्या युरोपातल्या भावंडाचंही तसंच. मातीतून मिळू लागलं, की पानावरचा चीक कमी. कोणी सांगितलं नाही, कोणी चौकशी लावली नाही. गरज भागली, सापळा आवरला.

मी पुस्तक मिटलं. घरात सगळे झोपले होते. स्वयंपाकघरात टोपलीत केळी होती.

आता ती पिशवी काढतो.

कासला गेलो त्याच्या आधीच्या जूनमधली गोष्ट. आमच्याकडे मे-जूनात वारा सुटतो. घडाच्या ओझ्याने आधीच वाकलेली केळी एका रात्रीत आडवी होते. त्या वर्षीही झाली. महिनाअखेर कर्ज नव्याजुन्याची गर्दी असते. तेव्हा एक नाना आले. वर्षानुवर्षांचे खातेदार. दर वर्षी येतात, कागद देतात, पिशवी ठेवतात, "घरची आहेत साहेब" म्हणतात आणि जातात. त्या वर्षीही कागद दिले, पिशवी ठेवली. फक्त "घरची आहेत" एवढं म्हणाले नाहीत. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. रात्री आम्ही शिकरण केलं. छान झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नानांची फाइल उघडली. सातबारा होता, बेबाकी दाखला होता आणि त्यामागे पंचनाम्याची प्रत होती. पीक केळी. बाग पूर्ण आडवी. नुकसान शंभर टक्के. तारीख पिशवीच्या आधी वीस दिवसांची.

मी हिशेबाचा माणूस. तारखा जुळेनात. बाग वीस दिवसांपूर्वी गेली, तर कालची केळी कुठली? उत्तर काढायला वनस्पतिशास्त्र लागत नव्हतं. एस.टी. स्टँडच्या बाहेरच्या गाडीवरची. ज्याची सगळी बाग मातीत गेली, त्या माणसाने खिशातले पैसे देऊन माझ्यासाठी केळी विकत घेतली होती, कारण पिशवीशिवाय या टेबलापाशी जायचं धाडस त्याला झालं नव्हतं. आणि मी ती शिकरण करून खाल्ली होती.

मी काय केलं? काही नाही. कागद पुढे सरकवला. पिशवी न आणता सरकला असता तसाच. हेच तर वाईट होतं. मी आजवर पिशवीसाठी कोणाचं काम अडवलं नव्हतं, त्यामुळे माझी मान ताठ होती. मी मागत नाही, पिशवी येते. पण टेबलावर काही चमकत असल्याशिवाय का येते? "बघू या, दोन दिवसांनी या" या वाक्याला काय कमी चिकटपणा असतो? मी ते दिवसातून चाळीस वेळा म्हणत होतो, अगदी सहज, काम तयार असलं तरी.

आणि माझ्या मातीत काय कमी होतं? पगार वेळेवर, महागाई भत्ता वेळेवर, दिवाळीला उचल. मला मुळातून मिळत होतं. फुटक्या जांभ्यावरचं, नाण्याएवढं एक झाड पोट भरल्यावर चीक आवरतं, आणि हा बी.कॉम. झालेला माणूस पंधरा वर्षं थेंब धरून बसला होता. कन्येने गाडीत विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर का पाहिलं, ते आता सांगितलं.

असो. पश्चात्ताप करणं सोपं असतं, पिशवी नाकारणं अवघड, हे मला पुढच्या जूनात कळलं. नाना आले. कागद दिले, पिशवी पुढे केली. या वेळी म्हणाले, "घरचीच आहेत साहेब. यंदा बाग उभी आहे."

मी म्हणालो, "नाना, नको."

त्यांचा चेहरा उतरला. "काही चुकलं का साहेब? कागद कमी पडू राहिला का?"

घ्या! चीक पुसला, तरी माशीचा विश्वास बसेना. मी काय बोलणार? जगातल्या आठशे वनस्पतींचा इतिहास नानांना सांगण्यासारखा नव्हता. मी फाइल उघडली, त्यांच्यासमोर तपासली, शिक्का मारला, सही केली आणि साहेबांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवली. "झालं. परवा खात्यावर पाहा."

नाना काही क्षण तसेच बसले. मग हसले आणि पिशवीतून दोन केळी काढली. "आता काम तर झालं. आता खायला काय हरकत आहे?"

हा आणखी एक प्रश्न झाला आणि त्याचं उत्तर मला आजही नीट ठाऊक नाही. काम होण्याआधीचं केळं आणि काम झाल्यानंतरचं केळं, यांत फरक किती? फूल उंच देठावर धरायचं ते किती उंच? पण समोर माणूस सोलून हातात देत होता. एक त्यांनी खाल्लं, एक मी. पिशवी त्यांनी परत नेली. "दोन दिवसांनी या" मी सोडलं आहे असं म्हणवत नाही, कमी केलं आहे. दिवसाला चाळीसवरून दहा-बारावर आलं आहे. मोजतो मी.

त्या संध्याकाळी घरी येताना स्टँडबाहेरच्या गाडीपाशी थांबलो. "अर्धा डझन द्या."

गाडीवाल्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, तुम्ही? विकत?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "बदली झाली का?"

मी भाव विचारला. पंधरा वर्षांनी विचारला, त्यामुळे जरा धक्काच बसला. पैसे काढले, दोनदा मोजले आणि दिले.

घरात शिरतो तर स्वयंपाकघरातून हिचा आवाज, "पान वाढलंय!" आम्ही बसलो. शेवटी आईने केळं सोललं, एक घास घेतला आणि विचारलं, "कोणाच्या बागेतली रे?"

"विकतची आहेत, आई."

आईने दुसरा घास घेतला, सावकाश चावला. "जरा कमी गोड आहेत," ती म्हणाली.

गेल्या पंधरा वर्षांत आमच्या घरात केळ्याला कोणी नाव ठेवलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.